हिवाळ्यातलं टिपेश्वर आणि कपाशीतून जाणारा वाघ

डिसेंबर-जानेवारीत यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पांढरकवड्याच्या आसपास, दोन हंगाम एकाच वेळी ऐन भरात असतात. पहिला कापसाचा. फुटलेल्या बोंडांनी वावरं पांढरी झालेली असतात आणि कमरेला ओटी बांधून बाया वेचणीला लागलेल्या असतात. दुसरा हंगाम जंगल पाहायला येणाऱ्यांचा. नागपूर, अमरावती, हैदराबादहून निघालेली मंडळी पहाटेच्या थंडीत स्वेटर-मफलर गुंडाळून टिपेश्वर अभयारण्याच्या गेटवर जिप्सीची वाट पाहत उभी असतात. या दोन हंगामांमध्ये फारसं अंतर नाही. काही ठिकाणी तर मधे फक्त एक धुरा, म्हणजे शेताचा बांध, आहे. आणि त्या धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना वाघ फिरतो.

टिपेश्वरची हिवाळी सहल कशी करावी, तिथे काय पाहावं, जे दिसतं त्याचा अर्थ कसा लावावा, हे या लेखात सांगायचं आहे. पण गेटच्या आत पाहिलेल्या वाघाची गोष्ट गेटच्या बाहेर काय चाललंय ते कळल्याशिवाय पुरी होत नाही. म्हणून तेही सांगायचं आहे.

कुठे आहे टिपेश्वर?

नागपूर-हैदराबाद मार्गावरचं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचं, पांढरकवडा हे या जंगलाचं जवळचं गाव. तालुक्याचं नाव केळापूर. केळापूर आणि घाटंजी या दोन तालुक्यांत मिळून सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य पसरलं आहे. १९९७ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नाव मिळालं ते इथल्या टिपाई देवीवरून. दक्षिणेला पैनगंगा नदी आणि तिच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. सुन्ना हे इथलं सर्वांत परिचित प्रवेशद्वार.

जंगल शुष्क पानझडीचं. सागाचं राज्य, आणि त्याच्या सोबतीला ऐन, तेंदू, मोह, बेल, पळस. जमीन सपाट नाही. टेकड्या, घळी, नाले यांनी ती खालीवर झालेली आहे. ओढ्या-नाल्यांमुळे पाणी बरंच टिकतं, आणि पाणी टिकतं तिथे गवत टिकतं. अभयारण्याच्या आत असलेल्या टिपेश्वर आणि मारेगाव या गावांचं पुनर्वसन झालं. जिथे कधी नांगर चालत होता तिथे आता गवताची मोकळी कुरणं आहेत आणि चितळांचे कळप तिथेच अधिक दिसतात. गवत आलं, चितळं वाढली, आणि मागोमाग वाघ स्थिरावला. वाघाचं जंगल गवतापासून सुरू होतं, हे टिपेश्वरमध्ये डोळ्यांनी पाहता येतं. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवायला हवं, की या कुरणांसाठी काही कुटुंबांनी आपली घरं आणि वावरं सोडली आहेत.

हिवाळाच का?

पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं आणि ऑक्टोबरपासून पुन्हा उघडतं. वाघ हमखास दिसावा एवढीच इच्छा असेल, तर एप्रिल-मे बरा. उन्हाळ्यात नाले आटतात, मोजके पाणवठे उरतात आणि सगळ्या जनावरांना तिथे यावंच लागतं. हिवाळ्यात पाणी जागोजागी असतं. जनावरं विखुरलेली असतात, गवत उंच असतं, आणि दहा फुटांवर बसलेला वाघही नजरेतून सुटू शकतो.

तरीही जंगल समजून घ्यायला हिवाळा चांगला. हवा स्वच्छ असते आणि थंड, स्थिर हवेत आवाज लांबून ऐकू येतो. सकाळचं दव धुळीला ओल देतं आणि ओली धूळ पावलाचा ठसा नीट धरून ठेवते. ऊन कोवळं असल्यामुळे जनावरं दिवसाही बरीच हालचाल करतात. उन्हाळ्यात दहा वाजताच जंगल थंडावतं; हिवाळ्यात तेव्हा सांबरं उन्हात येऊन उभी असतात.

सांबराच्या नरांचा हा माजाचा काळ. शिंगं टणक, मान फुगलेली, चिखलात लोळल्यामुळे अंग काळपट. त्याच वेळी कुरणावरच्या चितळाच्या नरांकडे पाहावं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाढत्या शिंगांवर मखमली कातडं असतं. त्या कातड्यातून रक्त वाहतं आणि त्यावरच शिंगाचं हाड वाढतं. वाढ पुरी झाली की कातडं सुकतं, नर ते झाडावर घासून काढतो आणि आतलं टणक शिंग उघडं पडतं. एकाच सकाळी, एकाच कुळातल्या दोन जातींच्या शिंगांची दोन वेगळी वयं पाहायला मिळतात.

बोरीला बोरं धरलेली असतात. अस्वलाला ती फार आवडतात. या दिवसांत त्याची विष्ठा बोरांच्या आठळ्यांनी भरलेली सापडते. विष्ठेबरोबर त्या आठळ्या लांबवर जातात आणि नव्या बोरी उगवतात. नीलगाय, जिला आपल्याकडे रोही म्हणतात, चौसिंगा, तडस, कोल्हा, रानडुक्कर, मोर यांपैकी कोण दिसेल ते त्या दिवसावर.

पाहुणे पक्षी हे हिवाळ्याचं खास देणं. काळसर छातीचा, शेपूट सतत थरथरवणारा थिरथिरा आणि नाल्याकाठी तुरुतुरु चालणारे धोबी उत्तरेकडून येऊन इथे थंडी काढतात. विदर्भातल्या मोठ्या तलावांवर पट्टकादंब उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस उन्हाळ्यात तिबेटच्या पठारावर, मंगोलियात, चीनच्या छिंगहाय सरोवरावर वीण करतो आणि थंडीत हिमालय ओलांडून भारतात येतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू अधिक घट्ट पकडतं. उपग्रहाद्वारे माग काढला तेव्हा हे हंस सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडताना नोंदले गेले. चीनमधल्या सरोवराचा आणि विदर्भातल्या तलावाचा हा संबंध माणसाने जोडलेला नाही.

जंगल वाचायचं कसं?

सफारीचा रस्ता म्हणजे मातीची वाट. वाघालाही तीच आवडते: पायाला मऊ, काटे नाहीत, पावलांचा आवाज नाही, आणि दवाने भिजलेल्या गवतातून अंग ओलं करत जावं लागत नाही. म्हणून गाईडची नजर सुरुवातीला झाडांवर नसते, चाकापुढच्या धुळीवर असते.

ठसा कसा ओळखायचा? वाघाच्या पावलात मागे मोठी गादी आणि पुढे चार बोटं दिसतात. गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. नखांच्या खुणा नसतात, कारण चालताना नखं आत ओढलेली असतात. कुत्रा, कोल्हा किंवा तडस असेल तर नखांचे ठिपके उमटतात. नराचा ठसा चौकोनी भरतो, मादीचा थोडा लांबट. ठसा किती जुना हेही कळतं. त्यावर दवाचे बारीक खड्डे पडलेले असले तर जनावर पहाटेपूर्वी गेलं. कडा धारदार असतील आणि ठसा आधीच्या जिप्सीच्या टायरवर उमटला असेल, तर वाघ जिप्सीच्या मागून गेला. अशा वेळी गाईड गाडी बंद करायला सांगतो. त्यानंतरचं काम कानांचं.

जंगलात धोक्याची बातमी देणारे तिघं मुख्य. चितळ तीक्ष्ण, छोटी, शिटीसारखी हाक देतं. शेपटी उभी करतं आणि पुढचा पाय जमिनीवर आपटतं. सांबराचा आवाज भारदस्त, भोंग्यासारखा. वानर झाडावरून खाकरल्यासारखं ओरडतं. या तिघांच्या शब्दाला सारखं वजन नसतं. चितळ कधीकधी नुसत्या सळसळीनेही हाक देतं. सांबर उगाच ओरडत नाही. आणि उंचावर बसलेल्या वानराने पाहून दिलेली हाक फार भरवशाची.

यामागे डोळ्यांचं शास्त्र आहे. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असतात. तांबडा त्यांना वेगळा दिसत नाही. वाघाचा केशरी रंग त्यांना आजूबाजूच्या हिरव्या-पिवळ्या झाडोऱ्यासारखाच भासतो. पट्ट्यांमुळे अंगाची रेघ तुटते आणि उभ्या गवतात वाघ विरघळून जातो. वानराच्या डोळ्यांत मात्र आपल्यासारखे तीन प्रकार असतात. त्याला केशरी हा केशरीच दिसतो, आणि तोही उंचावरून. वानरं ज्या झाडावर खातात त्याखाली चितळं चरतात, हे दृश्य टिपेश्वरला येणाऱ्या प्रत्येकाने सावकाश पाहावं. वरून पडणारी पानं आणि फळं चितळांना मिळतात, वरचे डोळे त्यांच्या उपयोगी पडतात, आणि खाली चितळांची नाकं-कानं वानरांसाठी जागी असतात.

हाक सुरू झाली की सगळी चितळं कुठे पाहतात ते पाहायचं. दहा जनावरांची तोंडं एकाच दिशेला असतील, तर वाघ तिथे आहे. तो दिसेलच असं नाही. पण तो कुठे आहे, कुठल्या दिशेने सरकतोय हे कळतं. हाका डावीकडून उजवीकडे सरकत जातात आणि न दिसणाऱ्या वाघाची वाट कानांना दिसत राहते. असं मिनिटभर ऐकायला मिळालं, तर ती सफारी वाया गेली असं म्हणू नये.

काचेपलीकडचे प्राणी

प्राणी पाहण्याची दुसरीही एक रीत जगात आहे, आणि आपल्याकडच्या अनेक घरांत ती मोबाइलवर पोचली आहे. दक्षिण चीनमध्ये झुहाई शहराजवळच्या हेंगचिन बेटावर २०१४ मध्ये चिमलाँग ओशन किंगडम हे प्रचंड सागरी उद्यान सुरू झालं. त्यातल्या एका टाकीत दोन कोटी सव्वीस-सत्तावीस लाख लिटर पाणी मावतं, आणि महाकाय व्हेल शार्क मासे त्यात फिरतात. उत्तर ध्रुवाकडच्या पांढऱ्या बेलुगा देवमाशांचे खेळ ठरलेल्या वेळी होतात. तिकीट काढलेल्या प्रत्येकाला प्राणी दिसतोच. समुद्र कधीही न पाहिलेल्या मुलाला त्या काचेसमोर उभं केलं, तर त्याचे डोळे विस्फारतात आणि ते विस्फारणं खरं असतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण टाकी कितीही मोठी केली तरी तिला भिंत असते. बेलुगा मोकळ्या समुद्रात शेकडो मीटर खोल बुडी मारतो आणि ऋतुमानाप्रमाणे लांबचा प्रवास करतो. व्हेल शार्क महासागर पालथे घालतो. त्या प्राण्याचं निम्मं आयुष्य म्हणजे त्याची वाट, आणि टाकीत ती वाटच राहत नाही. भारताने या बाबतीत विचारपूर्वक भूमिका घेतली. आपल्याकडेही काही ठिकाणी डॉल्फिनच्या खेळांची उद्यानं उभारण्याचे बेत होते. मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं, की डॉल्फिन अतिशय बुद्धिमान आणि संवेदनशील प्राणी आहे, करमणुकीसाठी त्याला कोंडून ठेवणं योग्य नाही, आणि अशा उद्यानांना परवानगी देऊ नये. गंगेतला डॉल्फिन हा आपला राष्ट्रीय जलचर आहे. त्याला पाहायचं असेल तर नदीवर जावं लागतं.

टिपेश्वरला काच नाही. हे त्याचं मोठेपण आहे आणि त्याची अडचणही. १४८ चौरस किलोमीटर हा आकडा नकाशावर रेघ मारून येतो. वाघाला ती रेघ दिसत नाही, आणि दिसली तरी ती त्याला पुरत नाही.

दीडशे चौरस किलोमीटरचं गणित

मध्य भारतातल्या चांगल्या जंगलात वाघिणीला साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरचा इलाखा लागतो. नराचा इलाखा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो आणि त्यात दोन-तीन वाघिणींचे इलाखे येतात. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं खायला लागतात, म्हणजे आठवड्याला जवळपास एक शिकार. एवढी शिकार करूनही कळप टिकायचे असतील, तर त्या एका वाघामागे पाचशेच्या आसपास खुरी जनावरं जंगलात हवीत.

वाघीण साडेतीन महिन्यांत विते आणि एका वेताला दोन-तीन पिल्लं होतात. पिल्लं दीड-दोन वर्षं आईजवळ राहतात, मग त्यांना आपली जागा शोधावी लागते. मुलीला कधीकधी आईच्या शेजारी जागा मिळते. मुलाला मिळत नाही, कारण तिथला मोठा नर त्याला टिकू देत नाही. संरक्षण चांगलं मिळालं, की छोट्या अभयारण्यातले वाघ वाढतात आणि दर दोन-तीन वर्षांनी काही तरुण वाघ बाहेर पडतात. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. हे वाढलेले वाघ कुठे राहतात? ताडोबासारखी मोठी जंगलं भरत आली आहेत. उरतात ती मधली झुडपं, नाले आणि वावरं.

एकेक वाघ वेगळा ओळखायचा तो पट्ट्यांवरून. पूर्वी ठशांवरून गणना व्हायची. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे उघड झालं तेव्हा ती पद्धत मागे पडली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशींचे फोटो निघतात. कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात; एका वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचेही नसतात, म्हणूनच कॅमेरे दोन. याच पट्ट्यांमुळे शेकडो किलोमीटर दूर उगवलेला वाघ मूळचा कुठला हे सांगता येतं.

तीन हजार किलोमीटर

२०१६ मध्ये टिपेश्वरच्या एका वाघिणीला पिल्लं झाली. त्यातल्या एका नराची नोंद टी-१-सी-१ अशी. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली गेली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आणि वनखातं त्याचा माग ठेवत होते. कॉलर ठराविक वेळाने उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा कळवायची. जून २०१९ मध्ये हा तरुण वाघ टिपेश्वरमधून निघाला.

तो आधी आदिलाबादकडे उतरला, परत महाराष्ट्रात आला, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला अशा जिल्ह्यांच्या मुलखातून फिरला. वाटेत उमरखेडकडचं पैनगंगा अभयारण्य लागलं. नदी, कालवे, डांबरी रस्ते, गावं ओलांडली. दिवसा नाल्यातल्या झुडपात दडायचा, रात्री चालायचा. रानडुक्कर मारायचा, कधी गुरं मारायचा. एवढ्या प्रवासात माणसाशी त्याची एकच झटापट नोंदली गेली: तो जिथे विसावला होता त्या झुडपात काही माणसं शिरली, तेव्हा हिंगोली जिल्ह्यात एक जण जखमी झाला. डिसेंबरच्या सुमारास तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे सरळ अंतर काही शे किलोमीटरचं; त्याच्या पावलांनी झालं तीन हजारांच्या वर. भारतात कॉलर लावलेल्या वाघाने केलेला हा सर्वांत लांबचा नोंदलेला प्रवास, आणि त्यावरून त्याला ‘वॉकर’ हे नाव पडलं. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर काढली.

त्याला हवं होतं भक्ष्य, पाणी, जोडीदारीण आणि दुसऱ्या नराने न अडवलेली जमीन. ज्ञानगंगेत पहिल्या दोन गोष्टी होत्या, दुसरा नर नव्हता. पण वाघीणही नव्हती. नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दाखवलेली अभयारण्यं वाघाच्या लेखी एकाच मुलखातले तुकडे आहेत, आणि ते जोडणारा धागा म्हणजे नाल्याकाठचा झाडोरा, पडीक जमीन, तुरीचं आणि कपाशीचं वावर. हे या एका वाघाने दाखवून दिलं. २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ दिसला, तोही पट्ट्यांवरून टिपेश्वरचाच निघाला. मराठवाड्याच्या त्या भागात वाघ हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

हा धागा जिथे तुटतो तिथे तो जोडताही येतो. याच महामार्ग ४४ वर, नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवर उचलला गेला आणि खालून जनावरांना वाट ठेवली. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ, बिबटे, चितळं त्या वाटेने जाताना दिसली आहेत.

धुऱ्यापलीकडे

आता कपाशीत यावं. डिसेंबरात कपाशी कमरेएवढी आणि तूर डोक्यावर गेलेली असते. वाघाला दिवसभर दडून राहायला हे उत्तम. याच पिकांत बायका वाकून वेचणी करतात. वाकलेलं माणूस वाघाला उभ्या माणसासारखं दिसत नाही. वाघ सहसा उभ्या माणसाला टाळतो. अचानक समोर आलेल्या वाकलेल्या आकृतीच्या बाबतीत त्याची गफलत होऊ शकते.

यवतमाळ जिल्ह्याने याची फार मोठी किंमत दिली आहे. राळेगाव आणि केळापूरच्या पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांचे बळी एका वाघिणीच्या नावावर धरले गेले. वनखात्यात तिची नोंद टी-१ होती. टिपेश्वरमधली वॉकरची आई वेगळी. राळेगावची ही वाघीण देशभर ‘अवनी’ म्हणून ओळखली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. तिची दोन पिल्लं मागे राहिली. शहरांतून तिच्यासाठी मोर्चे निघाले, गावांनी सुटकेचा श्वास सोडला. दोघांच्या भावना खऱ्या होत्या. पण त्या दोन वर्षांत वेचणीला जाताना, गुरं चारताना, पहाटे घराबाहेर पडताना माणसं कशी जगली, हे ज्याने ऐकलं नाही त्याने या जंगलाबद्दल मत बनवू नये.

हिवाळ्याचा आणखी एक धोका बाहेरच्यांना ठाऊक नसतो. रब्बीच्या गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते. रात्री दोन वाजता हातात बॅटरी घेऊन शेतकरी मोटर सुरू करायला निघतो, नेमका वाघ-बिबट्याच्या फिरण्याच्या वेळी. रानडुक्कर आणि रोही पीक उद्ध्वस्त करतात म्हणून जागलीला मचाणावर बसावं लागतं. नुकसान सोसेनासं झालं की कुणी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतो. त्यात डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. तारेचे फासही असेच. लावले जातात डुकरासाठी, अडकतात वाघाच्या गळ्यात.

यावर उपाय आहेत. सौर कुंपणात वीज ठोक्याठोक्याने, क्षणभर सोडली जाते. जनावराला झटका बसतो, जीव जात नाही. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठी राज्य सरकारची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. सरपणासाठी जंगलात जावं लागू नये म्हणून तिच्यातून स्वयंपाकाचा गॅसही मिळतो. वेचणीला गटाने जाणं, उजाडल्यावर निघणं, मोठ्याने बोलत काम करणं, एकाने उभं राहून लक्ष ठेवणं हे गावांनी स्वतः शिकलेलं शहाणपण आहे. कोलामांच्या पोडांत आणि गोंडांच्या वस्त्यांत जंगलातल्या जनावरांविषयी जी जाण आहे, तिच्यावर इथले अनेक वाटाडे आणि वनमजूर आजही चालतात.

पाहुण्याने काय करावं?

टिपेश्वरला जाणाऱ्याने आधी बुकिंग करावं, भडक कपडे आणि अत्तर टाळावं, गाडीतून उतरू नये, हे सगळे सांगतात. त्यात थोडी भर घालतो. गाईडला “वाघ दाखवा” असं म्हणू नये, “आज जंगलात काय चाललंय?” असं विचारावं. तो जवळच्या गावचा असतो. त्याला ठसे, हाका, झाडं यांबद्दल बोलतं केलं की सकाळ भरून जाते. वाघ दिसला तर त्याची वाट मोकळी ठेवायला सांगावं. दोन गाड्यांमध्ये अडकवलेला वाघ पाहण्यात आनंद नाही. मुक्काम, जेवण, खरेदी शक्य तितकी गेटलगतच्या गावांत करावी. वाघामुळे ज्या घराची गाय गेली, त्या घरी वाघामुळेच चार पैसेही यायला हवेत.

आणि परतताना पांढरकवड्याच्या वाटेवर गाडी जरा हळू करून कपाशीची वावरं पाहावीत. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या वाघाला पुढचं जंगल गाठायचं असेल, तर त्याला याच वावरांतून जावं लागणार आहे. म्हणून दिवसा मिळणारी वीज, सौर कुंपण, वेळेवर हातात पडणारी भरपाई, नाल्याकाठी न तोडलेला झाडोरा यांचा हिशेब व्याघ्रसंवर्धनाच्या खर्चातच धरला पाहिजे, आणि सफारीला येणाऱ्या शहरी माणसाने या मागण्यांसाठी शेतकऱ्याच्या बाजूने बोललं पाहिजे. धुऱ्यावर उभा असलेला माणूस निर्धास्त असेल, तर टिपेश्वरचा वाघ ज्ञानगंगेपर्यंत चालत जाईल.